रताळ्याच्या हंगामातली पोटदुखी

गणपती उठले की बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीत रताळी काढायला सुरुवात होते. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण जाण्याच्या बेतात असतो. आधी वेल कापून म्हशींपुढं टाकतात, मग तांबड्या मातीत नांगर फिरतो आणि मागून बाया रताळी वेचत जातात. बांधावर पोती उभी राहतात. नवरात्राच्या उपासासाठी ती कुठल्या कुठल्या बाजारांत जातात, आणि जी मोडकी, भेगाळलेली असतात ती गावात राहतात. मग घराघरांत रताळी उकडतात, चुलीत भाजतात, घाऱ्या होतात, आणि दोन-चार दिवसांनी घराघरांत ओव्याची डबी शोधली जाते.

माझं पोट या दिवसांत रताळी न खाताही दुखतं. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, त्याला आपल्यात पोटात दुखणं म्हणतात, ते हे दुखणं. त्याला ओवा चालत नाही.

परवा सई शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच म्हणाली, "आई, मला अंगणवाडीत वाचायला घेतलंय." सई आता सातवीत आहे. आमच्या गावच्या शाळेची आणि अंगणवाडीची भिंत एकच. दुपारचं जेवण झालं की मोठ्या वर्गातली मुलं अंगणवाडीत जाऊन लहान पोरांना गोष्टी वाचून दाखवतात, ही तिथली जुनी पद्धत. पोरांच्या कानावर पुस्तकातली भाषा पडावी, अक्षराची भीती वाटू नये, पुस्तक कसं धरतात ते कळावं म्हणून. मी म्हटलं, "छान." मनापासूनच म्हटलं. मग तिनं दप्तरातून पुस्तक काढलं आणि मला ते मुखपृष्ठावरूनच ओळखू आलं. गळ्यात घंटी बांधलेलं एक करडू आणि मागं बाजार. पानांचे कोपरे काळे पडलेले. ते काळे डाग कुणाच्या बोटांचे आहेत तेही मला ठाऊक होतं. मी उठून उगाच चहाचं आधण ठेवलं.

सई चार वर्षांची होती तेव्हाचा हंगाम आठवला. खरं तर मी तो विसरले होते कधी?

माझं माहेर कागलकडचं, निपाणीच्या पलीकडं. लग्न करून इकडं आले तेव्हा कोगनोळीचा नाका ओलांडला आणि रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं बदलून कानडी झाली. माणसं तीच, बोलणं तेच, फक्त पाट्या वाचता येईनात. मला, जिला वाचनाच्या स्पर्धांत कायम पहिला नंबर. आवाजाचं माझं कौतुक व्हायचं आणि मलाही ते आवडायचं, कशाला खोटं बोलू? बेळगावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले तेही त्या आवाजाच्या जोरावर. सई पोटात असतानाच मी चित्रांची पुस्तकं आणून कपाटात रचून ठेवली होती. मी वाचणार आणि ती मांडीवर बसून ऐकणार, हे माझं ठरलेलं होतं. कुणी विचारलं असतं की तुला आई कशाला व्हायचंय, तर मी हेच सांगितलं असतं.

प्रत्यक्षात झालं असं की सकाळी मी निघायची तेव्हा सई अर्धवट झोपेत असायची, आणि संध्याकाळी बसमधून उतरून भाजी, भाकरी आवरून पुस्तक उघडायची तेव्हा ती दुसऱ्या पानावर झोपलेली असायची. मधला सगळा दिवस अंगणवाडीचा आणि सासूबाईंचा.

त्या मधल्या दिवसात तेजू आली.

तेजू आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातली, तेव्हा सातवीत. किडकिडीत, दोन वेण्या वर बांधलेल्या, बोलायला हळू. तिचं आजोळ बैलहोंगलकडचं असल्यामुळं कानडी तिला घरच्यासारखी यायची. आणि अंगणवाडीतली गोष्टीची पुस्तकं सगळी कानडी. सरकारकडून पेटीतून आलेली. ऐकणारी पोरं सगळी मराठी घरांतली. त्यामुळं तेजू कानडी ओळीखाली बोट ठेवायची आणि तोंडानं मराठी बोलायची. पोरांना वाटायचं की पुस्तकात तेच लिहिलंय. रताळी वेचून हाताला चीक लागला की तो काळा पडतो, साबणानं निघत नाही. तेजू सकाळी आईबरोबर शेतात जाऊन मग शाळेत यायची. त्या बोटांचे ते डाग.

आमच्या घरात तेजूचं नाव कुणी घेत नव्हतं. सई फक्त "ताई" म्हणायची. गावात मोठ्या बहिणीला आक्का म्हणतात, पण शाळेत मोठ्या मुलींना ताई म्हणायची रीत आहे. "ताईनं आज करडाची गोष्ट वाचली." "ताई म्हणती, भेंडी खाल्ल्यावर आवाज मोठा येतो." माझ्या हातची भेंडी थुंकून टाकणारी पोर त्या दिवसापासून भेंडी मागून खाऊ लागली. सासूबाई खूश. मीही खूश व्हायला हवं होतं. मी म्हटलं, "भेंडीचा आणि आवाजाचा काही संबंध नसतो." सासूबाईंनी सईच्या ताटात आणखी भेंडी वाढली.

एका रविवारी मी दुपारची वेळ मुद्दाम राखून ठेवली. कपाटातलं सगळ्यात चांगलं पुस्तक काढलं. वाघाचा आवाज काढला, म्हातारीचा काढला, वाऱ्याचासुद्धा काढला. शेजारची सुगंधा दारात येऊन ऐकत उभी राहिली, इतकं रंगलं होतं. सईनं पानावर पंजा ठेवला.

"काय झालं गं?"

"तू बोट न्हाय ठेवत."

मी बोट ठेवलं आणि पुढं निघाले. परत पंजा.

"आता काय?"

"ताई थांबती."

"कुठं थांबती?"

"आम्ही बोलतो तिथं," सई म्हणाली. "तू एकटीच बोलतीस."

सुगंधा हसली. मला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत माझ्या वाचनात कुणी चूक काढली नव्हती, आणि पहिली काढली ती माझ्या पोरीनं, तीही सातवीतल्या मुलीशी तुलना करून. मी पुस्तक मिटलं आणि धुण्याला लागले.

मत्सराचं एक असतं, तो मोठ्या माणसाविषयी वाटला तर त्याला जरा तरी प्रतिष्ठा असते. जाऊ, नणंद, शाळेतली सहकारी, यांच्याविषयी वाटलं तर चारचौघींत बोलता येतं, चार जणी भरही घालतात. वर बांधलेल्या वेण्यांच्या पोरीविषयी वाटलं तर सांगायचं कुणाला? मी तेजूच्या चुका शोधू लागले. ती नाकातून बोलते. नखं काळी असतात. कानडीतलं नीट मराठी करते की मनाचं घालते कुणाला ठाऊक. हे शेवटचं मला फार पटलं, कारण त्यात शिक्षिकेचं कर्तव्य दिसत होतं.

त्याच आठवड्यात सईला घेऊन बेळगावात दवाखान्यात गेले होते. बस सरकारी कचेरीसमोर अडकून थांबली. सई खिडकीशी उभी होती. एकदम ओरडली, "आई, ते बघ, ताईतला ता!"

मी बघितलं. कचेरीवर कानडी पाटी. तालुक्याचा तो 'ता' असणार, एवढं मला अंदाजानं कळलं. सई काचेवर बोट ठेवून ते अक्षर परत परत दाखवत होती. शेजारच्या बाकावरचे एक आप्पा म्हणाले, "पोरगी हुशार हाय की वो. वाचतीया." मी हसून मान डोलावली. माझ्या लेकीनं आयुष्यात ओळखलेलं पहिलं अक्षर मला वाचता येत नव्हतं. मी मराठीची मास्तरीण, आणि ती 'आईतला आ' म्हणाली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग चांगलं हाय की. तुला बी शिकवंल ती."

या 'ता'वरून मला माझी जुनी फजिती आठवली. लग्नानंतर भाजी आणायला बेळगावच्या बाजारात जायची तेव्हा कानडी भाजीवाल्या "बर्री तायी" म्हणून बोलवायच्या. मला वाटायचं, काय गोड बायका आहेत, ताई म्हणतात. मीही उलट ताई म्हणायची. माझ्या आजीच्या वयाच्या बाईला मी "द्या हो ताई" म्हणाले तेव्हा नवऱ्यानं हसत सांगितलं की कानडीत तायी म्हणजे आई. त्या तुला ताई म्हणत नाहीत, आई म्हणतात. मला मूल होण्याच्या आधीपासून सगळा बाजार मला आई म्हणत होता आणि मला पत्ता नव्हता. तेव्हा मी लाजले होते आणि आतून सुखावले होते.

तो शब्द मग त्या करडाच्या गोष्टीत भेटला.

माझ्या हायस्कुलाला सुट्टी होती म्हणून दुपारी मी अंगणवाडीत गेले. सईला आणायच्या निमित्तानं. खिडकीशी उभी राहिले. तेजू भिंतीला टेकून बसली होती आणि सई तिच्या मांडीवर. बाकीची पोरं इतकी खेटून बसली होती की कुणाचा पाय कुठला ते कळत नव्हतं. गोष्ट साधीच. बाजारात एक करडू चुकतं. आईच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज ऐकत ते निघतं, तर ती घंटी असते कुल्फीवाल्याची. मग देवळाची, मग सायकलची, मग शाळेची. प्रत्येक घंटीपाशी ते एकच विचारतं. तेजूनं बोट ठेवून आधी कानडीत वाचलं, "नन्न तायी एल्ली?" आणि मग पोरांकडं बघून मराठीत, "माझी ताई कुठं हाय?"

सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "ही काय हितं!" आणि सगळ्यांची बोटं तेजूकडं. सईनं तर मान वळवून तिच्या हनुवटीला बोट लावलं.

पोटातलं दुखणं कुठून उठतं ते मला त्या क्षणी नेमकं दाखवता आलं असतं. आई शोधत निघालेल्या करडाची आईच या पोरीनं काढून टाकली होती आणि तिथं स्वतः जाऊन बसली होती.

अंगणवाडीच्या टीचरनी मला बघितलं. "या की मॅडम, आज तुम्हीच वाचा एक." मी नाही म्हणायला हवं होतं. पण आवाज. पर्समध्ये मराठी पुस्तक होतंच, तेही मी योगायोगानं नेलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि वाचलं. जीव ओतून वाचलं. पोरं हाताची घडी घालून बसली, बाहेरून साहेब आल्यावर बसतात तशी. कुणी हललं नाही, कुणी मधे बोललं नाही. आणि माझी सई ती सगळी गोष्ट तेजूच्या मांडीवर बसून ऐकत होती. संपल्यावर एका पोरानं टीचरना हळूच विचारलं, "आता ताई वाचणार?"

पोरं बाहेर पळाल्यावर मी तेजूला थांबवलं.

"तेजू, तायी म्हणजे काय गं?"

"आई," ती म्हणाली.

"मग तू ताई का म्हणतेस?"

तिनं एकदा बाहेर सईकडं बघितलं आणि अंगठ्यावरचा काळा डाग दुसऱ्या नखानं खरवडू लागली. "असंच, काकी."

"असंच म्हणजे? पोरांना चुकीचं शिकवू नये. लिहिलंय तेच वाचायचं. उद्यापासून आई म्हणत जा."

"व्हय काकी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवताना सईनं सांगितलं की करडाला शेवटी त्याची ताई सापडली. मी घास तसाच ठेवला. नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? तोंडावर व्हय म्हणाली आणि परत तेच. लई शिष्ट पोरगी."

"सातवीतल्या पोरीसंगं भांडण काढलंस व्हय तू?"

"भांडण नाही. भाषांतराचा प्रश्न आहे."

सासूबाई म्हणाल्या, "पोरगीला कुणीतरी बसून वाचून दावतंय, तर गप बस की गं."

मी गप्प बसले, पण ते गप्प बसणं काही चांगलं नव्हतं. गल्लीत तेजू दिसली की मी दुसरीकडं बघायची. तिच्या आईनं वानोळा म्हणून टोपलीभर रताळी पाठवली, त्याच्या घाऱ्या केल्या, आणि त्या खाताना सई म्हणाली की ताईच्या रताळ्याच्या घाऱ्या गोड असतात. गूळ माझा, तूप माझं, तळताना पोळलेला हात माझा.

मग हंगाम सरला. वावरं मोकळी झाली, दसरा झाला, दिवाळी आली. पुढच्या वर्षी तेजू हायस्कुलात गेली आणि सई पहिलीत. मला वाटलं, आता माझी पाळी. पण सई भराभर वाचायला शिकली, आधी मराठी, मग कानडी, आणि एकदा स्वतःचं स्वतः वाचता यायला लागल्यावर तिला कुणाच्या मांडीची गरज उरली नाही. मी कपाटातली पुस्तकं पुसून परत ठेवली. माझा नंबर येईपर्यंत खिडकी बंद झाली होती.

एखाद्याची पोर चांगली वाचते म्हणून लोक आईचं कौतुक करतात. माझंही करतात. "मराठीच्या मॅडमची मुलगी, वाचणारच." मी ते कौतुक घेते. घेताना दर वेळी कुठंतरी टोचतं, पण घेते.

तर परवा चहा झाल्यावर सई म्हणाली, "आई, उद्या पहिलाच दिवस हाय. तुझ्यापुढं एकदा वाचू? तू अंगणवाडीतल्या पोरांगत बस."

मी खाली बसले, मांडी घालून. ती भिंतीला टेकली. मला ते पुस्तक अजूनही वाचता येत नाही, त्यामुळं मी खरोखरच अंगणवाडीतल्या पोराइतकीच अडाणी होते. सईनं बोट ठेवलं. वाचलं, थांबली, माझ्याकडं बघितलं. मी बोलावं म्हणून थांबली होती. मी म्हटलं, "मग?" तेव्हाच पुढं गेली. थांबणं अगदी तिचं होतं, तेजूचं. माझा आवाज सईत उतरलाय असं लोक म्हणतात, पण वाचायला बसली की त्यातला कणही दिसत नाही. इतक्या वर्षांनीही पोटात तीच कळ आली.

आणि मग ते पान. "नन्न तायी एल्ली? माझी ताई कुठं हाय?"

मला राहवलं नाही. "सई, तायी म्हणजे आई ना गं?"

"माहीत हाय की."

"मग तूसुद्धा ताई म्हणतेस?"

"तेजूताईनं सांगितलंय तसं वाचायला." तेजू आता कॉलेजात आहे, सुट्टीला रताळी काढायला शेतात येते, आणि सई तिला तिथं जाऊन भेटते हे मला ठाऊक होतं. काय बोलतात ते ठाऊक नव्हतं. "ती म्हणाली, बारकी पोरं असली की आई म्हणायचं न्हाय. पहिल्यांदा तिनं आई म्हणून वाचलं हुतं. 'माझी आई कुठं हाय' म्हटल्याबरोबर मी रडायलाच लागले म्हणे. माझी आई पण बसनं गेली, माझी आई पण बसनं गेली, असं म्हणत. मग सगळीच पोरं रडायला लागली. टीचरनी पुस्तक मिटायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं आईची ताई केली. ताई हितंच असती ना, मग कोण कशाला रडंल?"

सई पानाचा काळा कोपरा नीट करत होती. मी विचारलं, "मग मी विचारलं तेव्हा तिनं मला सांगितलं का नाही?"

"ते बी विचारलं मी तिला. ती म्हणाली, तुझ्या आईला सांगितलं असतं तर त्या बी रडल्या असत्या. एक रडणारं लई झालं हुतं."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात रताळ्याची पोती ट्रॅक्टरमधून उतरत होती. मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं ते सगळं होतं, आणि हे कळल्यावर माझं पोट दुखायचं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. माझी मुलगी माझ्यासाठी हंबरडा फोडून रडली होती, आणि ते रडणंही मी ऐकलं नाही, ते तेजूनं ऐकलं. तिनं ते पुसलं, मांडीवर घेतलं, आणि एवढी वर्षं स्वतःपाशी ठेवलं. त्या पोरीविषयी मला इतका हेवा त्या हंगामातसुद्धा वाटला नव्हता.

"वाच पुढं," मी म्हटलं. "पण माझ्यापुढं आई म्हणून वाच. इथं काय अंगणवाडीतली पोरं नाहीत."

सईनं पान परत उलटलं. त्या शब्दाखाली बोट ठेवलं, आणि मान वर करून माझ्या डोळ्यांत पाणी आहे का ते बघितलं.

"माझी ताई कुठं हाय?" तिनं वाचलं. मग म्हणाली, "तुझा काय भरवसा न्हाय."